खिडकीतून टाकलेला रुमाल

एसटीच्या साध्या गाडीत रिकाम्या आसनावर रुमाल, टोपी किंवा थैली ठेवली की ती जागा धरली गेली, असे महाराष्ट्रभर मानले जाते. वऱ्हाडात रुमालाला दस्ती म्हणतात आणि दस्ती टाकून जागा धरणे हे तिथल्या बसस्थानकांवर रोजचेच आहे. तिकिटावर या हक्काची नोंद नसते, वाहकाच्या हिशेबात तो धरला जात नाही, तरीही एकमेकांना न ओळखणारी माणसे तो बहुतेक वेळा पाळतात.

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले रिठद हे गाव या रीतीच्या दोन्ही बाजू दाखवते. गाव वाशिम आणि रिसोड यांना जोडणाऱ्या रस्त्यावर आहे. एसटीची आगारे मात्र या रस्त्याच्या दोन टोकांना, वाशिमला आणि रिसोडला आहेत. दोन्ही अकोला विभागात मोडतात. गाडी फलाटाला लागते ती टोकाला आणि रिकामी असते तीही टोकालाच. रिठदच्या थांब्यावर ती पोचते तेव्हा कोणी कुठे बसायचे हे बरेचसे ठरून गेलेले असते. त्यामुळे रिठदचा माणूस सकाळी गावाहून निघाला की इतरांनी धरलेल्या जागांच्या मधे दांडी धरून उभा राहतो आणि संध्याकाळी वाशिमच्या स्थानकावर परतीच्या गाडीत स्वतः दस्ती टाकतो. एकच रीत त्याला सकाळी जाचते आणि संध्याकाळी उपयोगी पडते.

वस्तू ठेवून माणसाची जागा राखण्याची सवय एसटीहून जुनी आहे. उन्हाळ्यात विहिरीवर, पुढे नळावर आणि टँकरपाशी घागरी व हंड्यांची रांग लागते. बाई घरी स्वयंपाकाला गेली तरी तिच्या हंड्याचा नंबर जात नाही. कीर्तनाला, तमाशाला, यात्रेतल्या तंबूच्या सिनेमाला आधी जाऊन पोते किंवा सतरंजी अंथरली की ते अख्ख्या घराचे बसायचे ठिकाण ठरे. पिकांच्या खरेदीतही हेच दिसते. २०१७ साली तुरीच्या विक्रमी पिकानंतर विदर्भ-मराठवाड्यातल्या खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टर आणि पोत्यांच्या रांगा दिवसेंदिवस उभ्या होत्या, आणि माल रांगेत असला की मालकाचा नंबर रांगेत धरला जाई. या सगळ्यात एक समान अट आहे. वस्तूचा मालक जवळपास असला पाहिजे आणि शेजारच्याला तो माहीत असला पाहिजे. हंड्याशेजारी उभी असलेली बाईच त्या हंड्याची साक्षीदार असते.

प्रवासात या सवयीचे सर्वात ठळक रूप कोकणच्या बोटींवर होते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले आणि पुढे पणजीपर्यंत जाणाऱ्या आगबोटींत बहुसंख्य उतारू डेकचे असत. डेकच्या तिकिटाला ना खुर्ची ना क्रमांक. अंगाखाली येईल तेवढी फळ्यांची जमीन हीच जागा. त्यामुळे बोट लागताच वळकट्या, घोंगड्या, सतरंज्या अंथरण्याची झुंबड उडे. ज्याचे अंथरूण आधी पडले त्याचे कुटुंब रात्रभर तिथे राही. इंजिनाची धग, पाण्याचे तुषार आणि वांती करणारे सहप्रवासी यांच्यापासून लांब असलेला कोपरा मिळणे म्हणजे आख्खी रात्र सुखाची जाणे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे, म्हणून शिमगा आणि मे महिना यांत गर्दी साचे. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटींची नावे कोकणातल्या जुन्या चाकरमान्यांच्या बोलण्यात अजून येतात.

त्याच मुंबई बंदरातून विलायतेला जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर वरच्या वर्गातल्या उतारूंचे वेगळेच चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात ये-जा करणारे गोरे अंमलदार आणि त्यांच्या मडमा डेकवर बसायला वेताच्या आरामखुर्च्या स्वतःच नेत आणि त्यांवर आपले नाव रंगवून घेत. खुर्ची स्वतःची, नाव स्वतःचे, त्यामुळे ती रिकामी असली तरी दुसऱ्याने बसायचे नाही. पुढे कंपन्यांनी खुर्च्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि भाडे भरणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी खुर्चीला लागू लागली. पैसे देऊन नाव लावता येते तिथे वस्तू ठेवून जागा धरण्याची गरज पडत नाही. कोकणच्या बोटीतल्या डेकच्या उतारूपाशी मात्र अंथरुणाखेरीज दुसरा पुरावा नव्हता.

रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात हीच स्थिती होती. १९१७ साली गांधीजींनी हिंदी रेल्वेतल्या तिसऱ्या वर्गावर छोटी पुस्तिका लिहिली, तिच्यात डब्यातल्या कोंबाकोंबीचेही वर्णन आहे. कायद्याने या प्रश्नाकडे पाहिले ते आडबाजूने. आजही लागू असलेल्या १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १५५ नुसार दुसऱ्याच्या आरक्षित जागेवर घुसणे हा गुन्हा आहे, तसेच अनारक्षित डब्यात येऊ पाहणाऱ्याला अडवणे हाही गुन्हा आहे. अनारक्षित बाकावर पसरलेल्या पंच्याविषयी मात्र त्यात काही नाही. १९७४ साली तिसरा वर्ग बंद झाला आणि पुढे आरक्षण वाढत गेले. मुंबईच्या लोकलमध्ये मात्र आरक्षण नाही. तिथे रोजच्या गटाने चढून सोबत्यांसाठी बॅगा ठेवणे आणि त्यावरून होणारे तंटे आजही नेहमीचे आहेत.

रिठदला रेल्वे नाही. जवळचे स्थानक वाशिमचे. म्हणून इथल्या माणसाचा जागेसाठीचा झगडा रेल्वेत फारसा झाला नाही, तो मोटारीत झाला. एसटी येण्याआधी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेले होते आणि रस्त्यांवर खासगी सर्व्हिस मोटारी धावत. या मोटारींना वेळेपेक्षा उतारूंची चिंता जास्त असे. भरली की सुटायची. जो आधी येऊन बसला तो बसून राही, त्यामुळे जागा धरून बाहेर हिंडण्यात अर्थ नसे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने, मार्ग आणि वेळा यांना शिस्त लावायला सुरुवात केली.

मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी सरकारी एसटीची पहिली गाडी नगर ते पुणे धावली. बेडफोर्ड बनावटीची, लाकडी सांगाड्याची, तीस आसनांची ती गाडी होती. विदर्भात त्या वेळी ही एसटी नव्हती. नागपूरची प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस ही वेगळी सरकारी सेवा होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले, आणि या सेवा एकत्र होऊन १९६१ पासून महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले. ‘गाव तिथे एसटी’ या धोरणाने लाल गाडी रिठदसारख्या गावांपर्यंत आणि त्यांच्याही आतल्या वस्त्यांपर्यंत गेली. रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी मुक्कामी गाडी हा त्याच धोरणाचा भाग.

रुमाल टाकण्याच्या रीतीला जन्म दिला तो या गाडीच्या कारभाराने. साध्या गाडीला वेळापत्रक आहे, त्यामुळे ती फलाटाला लागते आणि सुटते यांच्या मधे काही वेळ मिळतो. तिकीट गाडीत चढल्यावर वाहकाकडून घ्यायचे असते, म्हणजे कोणाला जागा मिळाली याच्याशी तिकिटाचा काही संबंध नाही. तिकिटावर आसनाचा क्रमांक नसतो. प्रवाशांना चढायला दार एकच, तेही अरुंद, आणि त्यातून उतरणारे अजून बाहेर पडत असतात. याउलट खिडक्या दोन्ही बाजूंना ओळीने, सरकत्या काचांच्या. दारातून माणूस आत जाण्याआधी खिडकीतून त्याची वस्तू आत जाऊ शकते. या एका सोयीवर सगळी रीत उभी आहे. काचा बंद आणि तिकीट आधी, अशी रचना असती तर रुमाल खिशातच राहिला असता.

वाशिमच्या स्थानकावर रिसोडची गाडी मागे घेत फलाटाला लागू लागली की माणसे चाकांच्या सोबत चालू लागतात. गाडी पुरती थांबण्याआधी खिडकीपाशी हात वर झालेले असतात. खिडकीची काच बाहेरून तळव्याने रेटून सरकवायची, दांडीच्या वरून किंवा मधून हात घालायचा आणि रुमाल बाकाच्या मधोमध पडेल असा सोडायचा. फेकला तर तो पलीकडच्या बाकावर किंवा खाली पडतो आणि हक्क जातो. उंच माणूस हे सहज करतो. बुटका माणूस मागच्या चाकावर पाय देऊन चढतो. काही जण लहान मुलालाच उचलून खिडकीतून आत देतात आणि ते मूल दोन्ही हात पसरून तीन माणसांचे बाक राखून बसते. चपळ पोरे चालकाच्या बाजूच्या दाराने किंवा संकटकालीन दाराने आत शिरतात. यात धोका आहे. मागे येणाऱ्या गाडीच्या चाकाशेजारी चालणे आणि चाकावर उभे राहणे यांत माणसे पडतात, जखमी होतात. सुखाने बसण्यासाठी एवढी जोखीम घ्यावी लागावी ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

काय टाकायचे याचाही एक हिशेब असतो. वस्तू हरवली तरी चालेल इतकी हलकी हवी आणि आपली म्हणून ओळखता येईल इतकी वेगळी हवी. दस्ती या दोन्ही अटींत बसते. खांद्यावरचा दुपट्टा किंवा शेला, गांधी टोपी, वर्तमानपत्र, पाण्याची बाटली, छत्री, अगदी चप्पलही चालते. भरलेली थैली टाकायला लोक धजत नाहीत, कारण ती धरलेल्या जागेसकट जाऊ शकते. दोन पांढरे रुमाल एकाच बाकावर पडले की वाद निश्चित. म्हणून जाणते लोक चौकड्याचा किंवा रंगीत काठाचा रुमाल वापरतात.

ही रीत कुठे लिहिलेली नसली तरी तिचे नियम बऱ्यापैकी पक्के आहेत. एका वस्तूला एक जागा. एका दस्तीवर तिघांचे बाक मागणारा भांडायला तयार असावा लागतो. बाकावर आधीपासून बसलेला माणूस हाच पंच, “बसेल हाये काय कोनी इथं?” असे विचारल्यावर तो “हो, येऊन रायले” म्हणाला की विचारणारा पुढे सरकतो. तोच गप्प राहिला किंवा “मले काय मालूम” म्हणाला की दस्तीचे वजन संपते. टाकणाऱ्याने गाडीच्या आसपास असावे. चहा प्यायला गेलेल्याची जागा राहते, गावात गेलेल्याची राहत नाही. आणि वाहकाने दोरी ओढून घंटी दिली, गाडी हलली, तरी मालक आला नाही तर रुमाल उचलून समोरच्या दांडीला अडकवतात आणि माणूस बसतो. रुमाल फेकून देत नाहीत, खिशातही घालत नाहीत. हा बारकावा महत्त्वाचा आहे. जागेवरचा हक्क संपला तरी वस्तूवरची मालकी लोक मानतात.

वयाचा आणि अवस्थेचा हक्क रुमालाच्या हक्कापेक्षा मोठा मानला जातो, निदान मानला जावा अशी अपेक्षा असते. लेकुरवाळी बाई किंवा काठी टेकत आलेला म्हातारा रुमालाच्या जागेवर बसला तर टाकणारा तरुण सहसा बोलत नाही. बोलला तर गाडी त्याला बोलते. महामंडळाने यासाठी स्वतःची तरतूदही केली. गाडीत ठरावीक आसनांवर स्त्रिया, अपंग, आमदार-खासदार, स्वातंत्र्यसैनिक, पत्रकार अशा राखीव जागांच्या पाट्या असतात. या पाट्यांना नियमाचे बळ आहे, पण गर्दीच्या वेळी अनेक प्रवासी पाटीखाली बिनधास्त बसतात आणि त्याच बाकावरच्या रुमालाला मात्र मान देतात. पाटीमागे दूरचे कार्यालय असते, रुमालामागचा माणूस दोन मिनिटांत समोर उभा राहणार असतो.

वाहकाची भूमिका बहुतेक वेळा अलिप्ततेची. त्याचे काम तिकीट देण्याचे. पूर्वी पेटीतली तिकिटे चिमट्याने पंच करून, आता यंत्रातून छापून. वाद हातघाईवर आला तर तो मधे पडतो आणि जो बसला आहे त्याला शक्यतो बसू देतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांत आरक्षण घेतलेल्याचा क्रमांक त्याच्या कागदावर असतो, तिथे रुमाल उठवणे त्याला सोपे जाते. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांनंतर एसटीत आलेल्या आणि ‘एशियाड’ नावाने रूढ झालेल्या निमआराम गाड्यांनी ही क्रमांकाची सवय शहरी मार्गांवर बरीच पसरवली. रिसोड-वाशिमसारख्या जवळच्या फेऱ्यांना ती कधी लागली नाही, लागण्याचे कारणही नव्हते.

या रीतीत कोण मागे पडते हे उघड आहे. एकटी बाई, जिच्या कडेवर मूल आणि हातात थैली आहे, ती खिडकीपर्यंत पोचत नाही. म्हातारा माणूस गाडीसोबत पळत नाही. मधल्या थांब्यावर चढणाऱ्याला तर खिडकीच मिळत नाही. ज्याच्या अंगात बळ आणि ज्याचे गाव टोकाला, त्याच्या सोयीची ही रीत आहे. तिच्या बाजूने मात्र एक गोष्ट ठामपणे सांगावी लागते. इथे धरलेली जागा फार वेळ रिकामी राहत नाही. गाडी सुटेपर्यंत तिचा मालक तरी येतो, नाहीतर दुसरा तरी बसतो. जागा अडवून ती वापरलीच नाही, असे एसटीत घडायला वावच नाही.

समुद्रपर्यटनाच्या बोटींवर आणि भूमध्य समुद्राकाठच्या हॉटेलांत घडते ते नेमके हेच. जलतरण तलावाकाठच्या आरामखुर्च्यांवर लोक पहाटे टॉवेल टाकून न्याहारीला किंवा खोलीत झोपायला जातात आणि खुर्च्या तासन्‌तास रिकाम्या पडून राहतात. तिथे गाडी सुटण्याची घंटी नाही, त्यामुळे टॉवेलची मुदत कधी संपते हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न उरतो. कार्निव्हल कंपनीने त्याला घड्याळाचे उत्तर दिले: कर्मचारी खुर्चीवर वेळेची चिठ्ठी लावतो आणि ४० मिनिटांत कोणी आले नाही तर सामान उचलून ठेवले जाते. इंग्लंडच्या थॉमस कुक कंपनीने २०१८ साली काही हॉटेलांत पैसे भरून खुर्ची आधीच राखून ठेवण्याची सोय काढली. पी. अँड ओ.च्या भाड्याच्या खुर्चीकडेच हे परत जाणे होते.

एसटीला स्पर्धा आली ती काळी-पिवळी जीपची. वऱ्हाडातल्या आडमार्गांवर आणि तालुक्याच्या रस्त्यांवर या गाड्या भरल्यावर सुटतात, म्हणजे जुन्या खासगी मोटारींचीच पद्धत. तिथे दस्ती टाकत नाहीत. चालकच उतारूंना सरकवून बसवतो आणि वाद उरतो तो फक्त त्याच्या शेजारच्या जागेचा. करोनाच्या टाळेबंदीत आणि ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेल्या कर्मचाऱ्यांच्या संपात लाल गाडी रस्त्यावर नव्हती किंवा क्वचित होती, तेव्हा खेड्यांची भिस्त या जीपांवर होती.

संपानंतरच्या दोन सवलतींनी एसटीतली गर्दी पुन्हा वाढवली. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले. जी बाई भाड्याचा विचार करून जाणे टाळत असे ती आता दवाखान्याला, बँकेला, माहेरी एसटीने जाते. त्यामुळे खिडकीतून आत पडणाऱ्या वस्तूंमध्ये ओढणी, पर्स आणि भाजीची पिशवी वाढली. जागा धरणे हे पूर्वी मुख्यतः तरुण पुरुषांचे काम होते; आता बायका गटाने येतात, एक चढते आणि बाकीच्यांसाठी बाके धरते.

नव्या गाड्यांनी मात्र रुमालाची वाट अडवली आहे. २०१७ साली आलेल्या वातानुकूलित ‘शिवशाही’च्या काचा उघडत नाहीत आणि आसनांना क्रमांक असतात. १ जून २०२२ रोजी पुणे–नगर याच पहिल्या मार्गावर सुरू झालेल्या विजेवरच्या ‘शिवाई’चेही तसेच आहे. अशा गाड्यांत दस्ती टाकायची तर आधी दारातून आत जावे लागते, आणि आत गेलेला माणूस स्वतःच बसतो. साध्या लाल गाडीच्या खिडक्या उघड्या आहेत तोवर तालुक्याच्या फेऱ्यांत ही रीत चालत राहील.

रिठदसारख्या मधल्या थांब्यावर जागा धरण्याचा दुसराच प्रकार रूढ आहे आणि त्याला वस्तू लागत नाही. उभा असलेला प्रवासी बसलेल्याला विचारतो, “कुठं उतरता?” उत्तर “रिठद” असे आले की तो त्या बाकाच्या दांडीला हात लावून उभा राहतो आणि मागून आलेल्यांना सांगतो, “हे रिठदले उतरून रायले, मी बसतो इथं.” तोंडी दिलेला हा नंबर आजूबाजूचे ऐकतात आणि मानतात. रिठद आले की उठणारा माणूस ज्याने विचारले होते त्याच्याकडे पाहून उठतो, आणि तो बसेपर्यंत एक पाय बाकापाशी अडवून धरतो, म्हणजे तिसऱ्याला मधे शिरता येत नाही. दार उघडते, उतरणारे उतरतात, आणि थांब्यावरून नवे चढणारे येऊन पहिला प्रश्न तोच विचारतात.